एवढं झालं की

आमच्या जुन्या कंपनीतल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कंपनी बंद पडून चार वर्षं झाली, पण ग्रुप चालू आहे. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, असं चालतं. परवा तिथे आमच्या फोरमनचा फोटो आला. वय सत्तरीच्या पुढे, अंगात विरलेलं बनियन, हातात पाना, वाडीतल्या पाण्याच्या मोटरीवर वाकलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आजच्या पिढीने यांच्याकडून शिकावं. खरा कर्मयोगी.' आणि त्याखाली सोळा जणांचे जोडलेले हात. त्यातल्या निदान दहा जणांनी या माणसाच्या नावाने खडे फोडलेले मी माझ्या कानांनी ऐकलेत.

मी हात जोडले नाहीत. फोन पालथा ठेवला आणि गवार मोडायला घेतली. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, आई, त्या गवारीने तुझं काय घोडं मारलंय? तेव्हा लक्षात आलं की शिरा काढायच्या सोडून मी नुसते तुकडे करत सुटलेय.

कर्मयोगी म्हणे. डोंबलाचा कर्मयोगी.

वसई पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, दोन गाळे एकत्र केलेले आणि वीसेक माणसं. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे आम्ही बनवायचो. ऑफिसात मी एकटी. हजेरी, चलनं, फोन, मालकांची पत्रं टाइप करणं, सगळं माझ्याकडे. लग्नाआधी मी फुलपाड्यातून यायचे, लग्नानंतर चंदनसारहून. आणि कारखान्याच्या भागात, मशिनींच्या राज्यात, हे फोरमन, आम्हा सगळ्यांचे साहेब.

मूळचे आगाशीकडचे, वाडीवाले. केळी, पानवेली, सोनचाफ्याची झाडं, सगळं भावाच्या ताब्यात देऊन हे लोखंडात आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम ग्रीसचा डाग. त्यांच्या केबिनमध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. जेवायचेही उभ्यानेच. डबा मशीनवर उघडा, डाव्या हातात पोळीची सुरळी, उजव्या हाताने काहीतरी मापणं चालू. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाटवड्यांची आमटी दिली काय आणि साधं वरण दिलं काय, त्यांना फरक पडत नसे. एकदा आमच्या फिटरने गंमत म्हणून त्यांचा आणि आपला डबा बदलला. संध्याकाळी त्यांनी फिटरचा डबा धुऊन, पुसून घरी नेला.

एक वाक्य त्यांच्या तोंडात सदैव असे. 'एवढं झालं की.' जेवायला चला? एवढं झालं की. घरून फोन आलाय. एवढं झालं की. त्यांच्या मुलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं मी धावत जाऊन सांगितलं, तेव्हा खूप आनंदाने मान हलवून म्हणाले, 'वा. एवढं झालं की जातो.' गेले ते तिसऱ्या दिवशी. आणि 'एवढं' कधी होत नसे, कारण ते व्हायच्या आत त्यांनी पुढचं काढलेलं असे.

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला ते आले होते. हॉलमधला एक पंखा आवाज करत होता. आमच्या अल्बममध्ये चार फोटोंत ते आहेत आणि चारही फोटोंत त्यांची पाठ आहे, शिडीवर. सासरच्यांना कितीतरी वर्षं ते हॉलचे इलेक्ट्रिशियन वाटत होते.

कंपनीची सहल अर्नाळ्याला गेली होती, किल्ला पाहायला. किल्ल्यावर जायच्या होडीचं इंजिन मध्येच खोकायला लागलं. कसेबसे पलीकडे पोचलो. आम्ही सगळे किल्ला फिरलो, बुरुजावर चढलो, डबे खाल्ले, अंताक्षरी खेळलो. हे दिवसभर त्या होडीत. इंजिन पूर्ण खोललेलं आणि होडीवाला कपाळाला हात लावून बाजूला बसलेला. परतताना इंजिन अगदी लोण्यासारखं चाललं, खोटं कशाला बोला. अंगभर काळे झालेले साहेब मला म्हणाले की इतकी छान सहल त्यांच्या आयुष्यात झाली नव्हती.

हे किस्से सांगितले की माणसं हसतात. मीही हसायचे. पण हसून झाल्यावर काय उरतं, ते काकूंना माहीत.

काकू एकदा हळदीकुंकवाला मला म्हणाल्या, 'रविवारी ते घरी थांबावेत म्हणून मी शनिवारी मिक्सर बिघडवायचे. कधी नळाचा वॉशर काढून ठेवायचे, कधी पंख्याचा स्क्रू. तेवढा वेळ तरी माणूस डोळ्यांसमोर.' मी विचारलं, मग थांबायचे का? त्या म्हणाल्या, दोनदा थांबले. तिसऱ्या वेळी मिक्सर पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेले, तिथे हत्यारं चांगली आहेत म्हणून. हे सांगताना त्या हसत होत्या, आणि मला ते हसू बघवेना.

दिवाळीत त्यांना ताप भरायचा. मस्करी नाही, दरवर्षी भरायचा. चार दिवस गाळा बंद, की दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखी आणि अंगात कणकण. लक्ष्मीपूजनाला मला फोन करायचे आणि अमुक कटर कुठल्या खणात आहे ते विचारायचे. त्यांनीच ठेवलेला असायचा. त्यांना खण नको होता, कुणाकडून तरी कारखान्याचं नाव ऐकायचं होतं. सुट्टी संपून पहिल्या दिवशी शटर वर गेलं की ताप उतरलेला.

माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, आई, हे व्यसनच आहे. दारू सुटली की हात थरथरतात ना, तसंच. काम आवडणारा माणूस वेगळा, तो काम संपलं की खूश होतो. यांना काम संपायची भीती वाटत असणार. रिकामं बसलं की जे काही मनात वर येतं, ते येऊ नये म्हणून हे सगळं. मग ती त्यांच्या बालपणाबद्दल विचारू लागली. मला त्यांचं बालपण माहीत नाही आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यायचंही नाही. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. दारू पिऊन आलेल्याला आम्ही गेटवरून परत पाठवायचो. याला मात्र दर वर्धापनदिनाला शाल आणि श्रीफळ, वर्षात एकही रजा न घेतल्याबद्दल. टाळ्या आम्हीच वाजवायच्या. आणि मालक भाषणात आमच्याकडे बघून म्हणायचे, बघा, शिका.

त्यांनी कधी कुणाला थांब म्हटलं नाही, हे त्यांचे भक्त आवर्जून सांगतात. खरंय. संध्याकाळी सगळे हात धुवायला लागले की ते म्हणायचे, 'तुम्ही निघा, मी बघतो.' अगदी मऊ आवाजात. आता मला सांगा, साठीकडे आलेला माणूस एकटा वजनदार साचा ओढत असताना कुठला तरणा माणूस पिशवी उचलून घरी जाईल? सगळे परत चपला काढायचे. माझी मुलगी तापाने फणफणलेली असताना मी साडेसातपर्यंत मापं लिहायची वही धरून उभी राहिलेय, कारण ते म्हणाले होते, 'तू जा गं, मी लिहितो.' ओरडणारा साहेब परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

त्यांच्या हाताखाली चिंतामण नावाचा टर्नर होता. म्हणजे लेथवर काम करणारा. अर्नाळ्याचा, कोळ्याच्या घरातला. बापाची होडी भावांनी घेतली आणि हा आयटीआय करून लेथवर आला. चाळिशीचा, गुबगुबीत, गाणी म्हणत काम करणारा. साहेब कुणाची स्तुती करत नसत, पण चिंतामणने केलेला जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला तुकडा, ते दुसऱ्यांदा मापत नसत. चिंतामणला ती स्तुती कळायची. तो त्यांना फार मानायचा. त्यांच्यासाठी घरून सुका बोंबील आणायचा आणि ते तो खातात की नाही याची चौकशी काकूंकडे करायचा.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा. सकाळी प्रत्येकाने आपलं मशीन रॉकेलने पुसून लख्ख करायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. पाने आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापायची साधनं पाटावर मांडायची. मालक नारळ फोडायचे. वर्षात एकच दिवस असा, की कामगारांच्या बायकापोरं कारखान्यात यायची. आपला माणूस दिवसभर कुठे उभा असतो ते बघायची. आणि एकदा हार घातला की दसऱ्यापर्यंत मशीनला हात लावायचा नाही. हत्यारांनाही विश्रांती, असं माझे सासरे म्हणायचे.

त्या वर्षी चिंतामणची बायको आणि दहावीतली मुलगी आल्या होत्या. चिंतामणने मुलीला आपल्या लेथशी उभं करून सगळं समजावलं. हा चक, यात जॉब पकडायचा, हा फिरतो, हे हत्यार पुढे सरकवायचं. मुलीने मशीनसोबत बापाचा फोटो काढला. पेढे, समोसे झाले. तीनपर्यंत बहुतेक मंडळी गेली. मी कपबशा गोळा करत होते. साहेब गाळ्यात इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. दुपारपासून त्यांच्या हातांना काम नव्हतं आणि ते कधी शर्टाचं बटण फिरवत होते, कधी खिशातली पेन्सिल.

मग मी ऐकलं. ते चिंतामणला म्हणत होते, तो झाकणाचा जॉब चकवर तसाच आहे, एक शेवटचा हात मारून जाशील का, दहा मिनिटं. मी बाजूचं दुसरं मशीन बघतो.

या जॉबची घाई होती का? नव्हती. दोनच दिवस आधी गिऱ्हाइकाचा फोन मीच घेतला होता. दिवाळीनंतर पाठवलंत तरी चालेल, असं ते म्हणाले होते. मी चिठ्ठी लिहून साहेबांच्या हातात दिली होती आणि त्यांनी ती वाचून खिशात घातली होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लोक म्हणाले, काम अर्जंट असणार.

चिंतामण म्हणाला, 'साहेब, आज हार घातलाय.'

साहेब देवभोळे. हार काढायला ते तयार होईनात. पूजेचा हार दसऱ्याआधी उतरवणं अशुभ. म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तो जरा वर, मशीनवरच्या दिव्याच्या दांडीमागे सरकवला. मशीन चालवायचं नाही हा नियम मोडला आणि हार काढायचा नाही हा नियम पाळला. मला अजूनही हे आठवलं की कानशिलं तापतात. धड एक तरी करायचं होतं.

चिंतामणने बायकोला आणि मुलीला सांगितलं, गेटाशी थांबा, आलोच. आणि मशीन सुरू केलं.

पाचसात मिनिटांत हार दांडीवरून सुटला. झेंडू नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले होते. पूजेचा हार खाली पडू नये म्हणून चिंतामणचा हात आपोआप पुढे गेला, आपला सगळ्यांचा जाईल तसाच. दोरा फिरत्या चकमध्ये अडकला आणि हाताला वेढे घेत आत ओढत गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आणखी वर्णन मी करणार नाही.

रिक्षात त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्याची बायको, पुढे ड्रायव्हरजवळ मुलगी, मांडीवर पेढ्यांचा पुडा तसाच. साहेब म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. त्याचं कार्ड आणि कागद कारखान्यात राहिले होते, म्हणून तासाभराने मी परत आले. साहेबांना मी तीनदा फोन केला होता, त्यांनी उचलला नव्हता. गाळ्याच्या दारातच मला लेथचा आवाज आला.

त्यांनी मशीन धुऊन पुसलं होतं. हार आता काढलेला होता. आणि चिंतामणच्या जागी उभं राहून ते तोच जॉब करत होते.

मी मेन स्विच बंद केला. मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे लाल होते. विचारलं, कसा आहे तो? मी म्हटलं, तुम्ही चला आणि बघा.

'येतो,' ते म्हणाले. 'आता थोडंच राहिलंय. अर्ध्यात उतरवला तर जॉबचं सेंटर जाईल, परत नीट बसायचा नाही. चिंतामणच्या हातचा आहे गं तो, वाया नको जायला.'

आणि मला हलकेच बाजूला करून त्यांनी स्विच पुन्हा लावला.

मुलगी म्हणते, आई, त्या क्षणी त्यांना दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. ते थांबले असते तर कोसळले असते. असेल. मला ते तेव्हाही दिसत होतं, मी काही आंधळी नाही. पण कोसळायचं होतं ना. त्या दिवशी नाही कोसळायचं तर कधी?

दसऱ्याला ते दवाखान्यात आले. चिंतामणच्या डाव्या हातात सोनं दिलं. चिंतामण म्हणाला, साहेब, बसा जरा. त्यांनी सलाइनच्या स्टँडचा ढिला स्क्रू खिशातल्या पान्याने आवळला, खाटेचा डगमगणारा पाय बघितला, आणि निघाले. आठ मिनिटं झाली असतील. दोन बोटं गेलेल्या माणसाजवळ यांना पाच मिनिटं बसवलं नाही.

पण मी ज्याच्यासाठी हे लिहितेय ते पुढेच आहे.

चारपाच दिवसांनी मालकांनी मला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी मशीन चालू होतं हे बाहेर गेलं तर चौकशी लागली असती. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. चिंतामण सुट्टीच्या दिवशी, कुणाच्याही परवानगीशिवाय, मागे थांबून, कंपनीच्या मशीनवर स्वतःचं खासगी काम करत होता, आणि त्यात अपघात झाला. माझे हात टाइप करत होते आणि मी मनाशी म्हणत होते, यावर फोरमनची सही लागणार, आणि तो माणूस जीव गेला तरी खोट्यावर सही करायचा नाही. ते कागद फाडतील. मग मालक माझ्यावर तरी रागावणार नाहीत. माझा भेकडपणा असा सोयीचा होता. मुलगी सहा वर्षांची, घराचा हप्ता चालू, ही कारणं खरी आहेत, पण कारणंच आहेत.

मी कागद घेऊन गेले. ते मशीनवर वाकलेले. मी म्हटलं, सही हवीय, वाचून घ्या. म्हणाले, ठेव तिथे. मी म्हटलं, नाही, आत्ता वाचा, अपघाताचा आहे. त्यांनी डायलवरची नजर न काढता हात पुढे केला. 'तू केलंयस ना? मग बरोबरच असणार.' आणि लेथच्या पट्टीवरच कागद ठेवून सही केली. वर तेलाचा अंगठा उमटला.

केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक ज्याला दिसायची, त्याने एका माणसाच्या आयुष्याचा कागद वाचला नाही. आणि मी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला नाही. 'साहेब, यात चिंतामणला चोर ठरवलंय,' एवढी पाच शब्दांची गोष्ट मला म्हणता आली नाही. मी कागद मालकांच्या टेबलावर ठेवला आणि त्याची एक झेरॉक्स पर्समध्ये घातली. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं.

तीन महिन्यांनी चिंतामण कामावर परत आला, तेव्हा मालकांनी त्याला तो कागद दाखवला. दवाखान्याचा खर्च आम्ही माणुसकीने केला, आता विषय संपव, म्हणाले. आसपासच्या गाळ्यांत बातमी पोचली होतीच. मालकाच्या मशीनवर चोरून काम करणारा टर्नर कुणी ठेवेना. तो अर्नाळ्याला गेला. गेटाशी मला एवढंच म्हणाला, 'बोटांचं काय नाय ताई. मशीन हाय. पन साहेबांची सही हाय खाली. मी डोळ्यांनी बगितली.' मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, दुःखाने घातली.

साहेबांनी एकदा विचारलं, चिंतामण कधी येतोय? मी म्हटलं, तो सोडून गेला. 'असा हात परत मिळायचा नाही,' म्हणाले आणि त्याचं मशीनही स्वतःच चालवायला लागले. का गेला, हे विचारायला त्यांना उसंत नव्हती. पुढे ते निवृत्त झाले, त्यांची शेवटची शाल झाली, मग कंपनी विकली गेली. आता तिथे कुरिअरचं गोदाम आहे.

गेल्या वर्षी घर आवरताना ती झेरॉक्स मुलीच्या हाती लागली. तिने वाचली, मला सगळं विचारलं आणि मग म्हणाली, 'आई, म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही?'  दुसऱ्याच रविवारी मी आगाशीला गेले.

साहेब वाडीला बांबूचं कुंपण घालत होते. काकूंनी केळी पुढे ठेवली. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तेव्हा वाचला नव्हतात, आता वाचा. त्यांनी चष्मा पुसला. दोनदा वाचला.  मग विचारलं, 'त्या दिवशी मशीनवर कुठला जॉब होता गं?'

इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण काकूंनी मला थांबवलं नाही. शेवटी मी म्हटलं की मालक गेले, कंपनी गेली, आता हे दुरुस्त करून मागायला जागाच उरलेली नाही. एकच माणूस उरलाय आणि तो इथून दहा मिनिटांवर राहतो. त्याला जाऊन सांगा, की तू माझ्या सांगण्यावरून थांबला होतास आणि मी न वाचता सही केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. म्हणाले, 'जातो. एवढं कुंपण झालं की जातो.'

महिन्याभराने मी अर्नाळ्याला गेले. चिंतामणचं घर किनाऱ्याजवळ आहे. बाहेर त्याची बायको बोंबील वाळत घालत होती. मुलगी आता विरारच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तो जाळं दुरुस्त करत बसला होता, तीन बोटांनी जमेल तसं. मी विचारलं, साहेब येऊन गेले का?

'आल्ते की,' तो म्हणाला. 'मागल्या मंगळवारी. आमची पान्याची मोटर आवाज करत होती. ती खोलली, दोन तास लावले, मस्त करून दिली. चा पन नाय घेतला.'

'काही बोलले?'

'काय बोलनार? मोटरीचंच बोलले.' मग तो म्हणाला, 'मला वाटलं बोलतील. जाताना दोनदा मागं फिरले. मग पाना ऱ्हायला म्हनाले, तो घेतला आनि गेले.'

तेव्हा मीच सांगितलं. आधी माझं सांगितलं, की तो कागद मी टाइप केला होता. तो म्हणाला, 'ते मला तवाच ठावं होतं. तितं टाइप करनारं दुसरं कोन होतं? तुमची नोकरी होती.' त्याच्या या समजूतदारपणाने मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग मी साहेबांचं सांगितलं. म्हटलं, चिंतामण, इतकी वर्षं तू समजतोयस तसं नाही ते. त्यांनी तुला चोर ठरवलं नाही. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. मशीन चालू होतं, हातात काम होतं, त्यांनी न बघता सही केली.

मला वाटलं होतं, हे ऐकून त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. त्याने जाळं खाली ठेवलं. बायकोही बोंबील सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली.

'म्हंजे खोटं नाय बोलले,' तो म्हणाला.

'नाही.'

'एक पान होतं ना?'

'एकच.'

त्याने जाळं परत मांडीवर ओढलं. मग म्हणाला, 'खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, ताई. खोटं बोलायला तरी माजा विचार करावा लागला असता.'